छोट्या गाडीत मोठं इंजिन

आहे त्याच स्कूटरचं इंजिन वाढवून घ्यावं, की सरळ मोठी स्कूटर घ्यावी? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला. पहिली दोन कॉलेजातली मुलं होती. त्यांना उत्तर नको होतं, दुजोरा हवा होता. तो त्यांनी दुसरीकडून मिळवला असणार. तिसरी माझी पुतणी. तिला मोघम बोललेलं चालत नाही, अगदी लहानपणापासून चालत नाही. त्यामुळे बसून नीट विचार करावा लागला, आणि विचार केल्यावर मत इतकं पक्कं झालं की ते लिहून टाकावंसं वाटलं. म्हणून हा प्रपंच.

मत आधीच सांगतो. ज्याला मोठ्या इंजिनाची खरोखर गरज आहे त्याने मोठी गाडी घ्यावी आणि ती कंपनीतून आली तशीच चालवावी. छोट्या गाडीच्या पोटात मोठं इंजिन घालू नये. आता एवढ्यावर थांबलो तर तो नुसता सल्ला होईल, आणि पुण्यातल्या माणसाला सल्ला देऊन गप्प बसणं जमत नाही, कारणं द्यावीच लागतात.

आधी पुतणीची बाजू. ती बाजू हलकी नाही. दादाकडे २०१२ सालची ॲक्टिव्हा आहे, ११० सीसीची. दादा ती बँकेत नेत असे, मग वहिनी भाजीला, मग पुतणी कॉलेजला. घरातल्या प्रत्येकाचं तिच्यावर थोडंथोडं प्रेम आहे आणि प्रत्येकाने तिला कुठे ना कुठे घासून ठेवलंय. आता पुतणीला हिंजवडीत नोकरी लागली. राहायला आंबेगाव. म्हणजे रोज बायपासने नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं करत वीस-बावीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार कसा आहे हे पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने तिथे चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती, आणि त्याच्या आधी आणि नंतरही त्या उताराने बातम्या पुरवल्या आहेत.

"काका, साठच्या पुढे ही गाडी कण्हायला लागते," पुतणी म्हणाली. "आणि मागून ट्रेलर येतो ना, तेव्हा आरशात आकाश दिसत नाही, फक्त त्याचा बंपर दिसतो. मला रेस नाही लावायची रे. मला फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला थोडा दम हवाय."

हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. लोक म्हणतात वेग वाईट. पण हायवेवर अवतीभवती सगळे सत्तरने चालले असताना आपण पन्नासने चालणं हे काही फार सुरक्षित काम नाही. तेव्हा 'मुलीच्या जातीला कशाला हवी मोठी गाडी' असं जे दादाच्या शेजाऱ्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून ऐकवलं, ते मी इथे नुसतं नोंदवून पुढे जातो. (ते स्वतः चारशे सीसीची मोटरसायकल आठवड्यातून एकदा, रविवारी, पोह्यांसाठी काढतात.)

तर, गॅरेजवाल्या एका मुलाने तिला सांगितलं की नवी गाडी कशाला, आपण किट टाकू. पंचवीस हजारांत काम. दीड लाखाची गाडी घेण्यापेक्षा पंचवीस हजारांत दीडशे सीसीच्या जवळ जाता येत असेल तर कोणालाही मोह होईल. नुकती नोकरी लागलेली, शैक्षणिक कर्ज डोक्यावर, बाबांकडे मागायचं नाही असं ठरवलेलं. मला तर उलट तिचं कौतुक वाटलं की तिने आधी विचारलं.

हे किट म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, त्याचा व्यास आणि पिस्टनची धाव यांवरून सीसी ठरतात. २०१२ च्या ॲक्टिव्हात हा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ५५.६ मिलिमीटर. गुणाकार केला की १०९ सीसी येतात. आता तेच नळकांडं काढून ५७ मिलिमीटर व्यासाचं घातलं, पिस्टन त्या मापाचा घातला, तर धाव तीच राहून इंजिन जवळपास १४२ सीसीचं होतं. सात मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढंही नाही, आणि इंजिन तीस टक्क्यांनी मोठं. व्यासाचा वर्ग होतो ना, त्याची ही किमया. मग कार्बोरेटरमधला जेट मोठा करायचा, व्हेरिएटरमधले रोलर हलके टाकायचे म्हणजे पिकअप वाढतो, आणि ज्यांना शेजाऱ्यांची झोप उडवायची असते ते सायलेन्सरही बदलतात.

मला या कलेबद्दल तिटकारा नाही, हे स्पष्ट करतो. उलट आमच्या पिढीने गाड्यांचं जे काही ज्ञान मिळवलं ते अशाच उचापतींतून. बजाजची चेतक १९७२ साली आली, आकुर्डीला बनायची, आणि ती मिळवण्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. मिळाली की ती गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळायची. पेट्रोल उतरत नसेल तर तिरकी करून किक मारायची. प्लगमध्ये कचरा आला की रस्त्याच्या कडेला काढून पॉलिश पेपरने घासायचा. इंजिन बसलं की नाना पेठेतून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा आणायच्या, बोअर मारून घ्यायचा, आणि पुढची पाच वर्षं काढायची. १९८४ ला कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली. तेव्हा चेतकवाले तिला हसले होते. पंचवीस वर्षांनी, २००९ मध्ये, बजाजने स्कूटर बनवणं बंद करायचं ठरवलं तोपर्यंत रस्ते बिनगिअरच्या गाड्यांनी भरून गेले होते. २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर, आणि तिलाही गिअर नाहीत!

असो. सांगायचं हे की आहे त्यातून जास्त काढायची सवय आपल्याला त्या काळाने लावली. दुसरी गाडी मिळतच नव्हती, तेव्हा पहिलीच्याच पोटात हात घालावा लागे. पण त्या बोअर मारण्यात आणि या किटमध्ये एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आम्ही झिजलेलं इंजिन मूळच्या जागी आणत होतो. पाव-अर्धा मिलिमीटर वाढायचा तो झीज काढण्यापुरता. गाडी जेवढं काम करण्यासाठी बनली होती तेवढंच काम तिने परत करावं, एवढीच अपेक्षा असे. किटवाला तिला वेगळंच काम सांगतो, आणि पगार मात्र जुनाच देतो.

म्हणजे काय, ते नीट बघू.

इंजिन जास्त ताकद काढतं म्हणजे जास्त उष्णता काढतं. या इंजिनाला पाण्याचं कूलिंग नाही. एका बाजूला पंखा आहे, तो हवा फेकतो, आणि पाऊण लिटरच्या आसपास ऑइल आहे. कंपनीने हे गणित आठ हॉर्सपॉवरच्या हिशेबाने बसवलेलं. त्यात नळकांडं मोठं करून वरची ज्वलनाची जागा तेवढीच ठेवली तर दाब वाढतो, तापमान आणखी वाढतं. जेट बरोबर बसला नाही आणि पेट्रोल कमी-हवा जास्त असं मिश्रण झालं, तर त्याहून वाढतं. खालचा क्रँक, त्याचे बेअरिंग, बेल्ट, क्लच सगळे जुनेच. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने असं काम करून घेतलं होतं, कुठल्या गाडीवर ते महत्त्वाचं नाही. पहिले तीन महिने तो हवेत होता. चहाच्या टपरीवर आम्हाला रोज नवा आकडा ऐकायला मिळायचा. मग हेडमधून आवाज, मग गॅस्केट, मग दुसऱ्या उन्हाळ्यात खंबाटकी घाटाच्या अलीकडे पिस्टन जाम. गाडी टेम्पोत घालून आणली. टेम्पोवाल्याने किती घेतले ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

तरी पण इंजिन जाम होणं हे या प्रकरणातलं सगळ्यात वाईट नाही. गाडी बंद पडते, माणूस कडेला उभा राहतो, शिव्या देतो, घरी येतो. मला काळजी आहे ती किट ज्यांना हात लावत नाही त्या गोष्टींची.

ब्रेक घ्या. त्या ॲक्टिव्हाला पुढे-मागे १३० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक आहेत. कंपनीने दोन्ही एकदम लागायची सोय दिलीय, ती चांगलीच आहे, आणि गाडीच्या मूळ वेगाला ते पुरेसे आहेत. पण थांबवायची असते ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठने जाणारी गाडी आणि ऐंशीने जाणारी गाडी यांत फरक वीसचा दिसतो, ब्रेकला मात्र पावणेदोन पटींहून जास्त काम पडतं. गाडी तीच, माणूस तोच, ड्रम तोच, लायनर तेच. किट टाकणाऱ्या मुलाला मी विचारलं, "ब्रेकचं काय करतोस?" तो म्हणाला, "काका, शू नवे टाकून देतो की." शू नवे टाकतो म्हणजे नव्या लायनरचा जुनाच ब्रेक.

टायर घ्या. या गाडीच्या टायरवर मापाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, 'जे'. त्याचा अर्थ ठरलेल्या वजनाला ताशी शंभर किलोमीटर ही त्या टायरची मर्यादा. मूळ गाडी ऐंशी-पंच्याऐंशीपलीकडे जातच नाही, त्यामुळे मध्ये बरंच अंतर राहतं. ते अंतर कंपनीने उगीच ठेवलेलं नसतं. मे महिन्यातला डांबरी रस्ता, मागे बसलेली मैत्रीण, पुढे ठेवलेली बॅग, आठवडाभर न तपासलेली हवा, हे सगळं त्या अंतरात बसतं. किटवाली गाडी शंभराच्या जवळ पोचली की ते अंतर आपण खाऊन टाकलेलं असतं.

आणि चाक. दहा इंची चाक पुण्याच्या खड्ड्यात पडतं, चौदा इंची त्यावरून बरेचदा निघून जातं. हे कोणालाही सायकल चालवताना कळलेलं असतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. पन्नासच्या वेगाला दहा इंची चाक खड्ड्यात गेलं तर कंबर दुखते. नव्वदला काय होतं याची कल्पना मला करायची नाही, आणि पुतणीच्या बाबतीत तर नाहीच.

तिच्या रस्त्याकडे पुन्हा बघा, म्हणजे गंमत कळेल. सकाळी जाताना आंबेगावहून नवले पुलाकडे उतार. उतारावर इंजिनाची ताकद लागतेच कुठे? उतारच वेग देतो. तिथे लागतात ब्रेक, टायर, पुढचं सस्पेन्शन, आणि बिनगिअरच्या गाडीत इंजिनाचा रोध तसाही कमी मिळतो. म्हणजे ज्या जागेची तिला सगळ्यात जास्त भीती वाटते, नेमकी त्याच जागी किटचा तिला काडीचा उपयोग नाही. उपयोग संध्याकाळी, घरी येताना, चढावर. तेव्हा ट्रॅफिक इतकं असतं की तीसच्या वर काटा जात नाही! हे मी तिला कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. किटला नकार द्यायला मला एवढं एक कारण पुरलं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर लोकांना वाटतं तेवढी संदिग्धता नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रावरची माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नोंदणीपत्रावर १०९ सीसी आणि पोटात १४२, ही गोष्ट चौकातल्या पोलिसाला कळणार नाही, हे खरं. सायलेन्सर बदलला नाही तर मुळीच कळणार नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन उघडून बघू शकतो, आणि न कळवता केलेला बदल हे दावा नाकारायला आयतं कारण असतं. शिवाय दादाच्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतात. पुन्हा नोंदणी करून घ्यायला आरटीओत गाडी दाखवावी लागणार. तिथे घाम पुसत उभं राहण्याची हौस कोणाला असेल तर असो.

युरोपात या छोट्या गाड्या फुगवण्याची मोठी परंपरा आहे, असं मला एका वाचकाने मागे सुनावलं होतं. आहेच. इटलीत तर व्हेस्पासाठी अशी किट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या आहेत, मालोसी, पोलिनी वगैरे. पण त्याचं मूळ कशात आहे ते बघा. तिथे चौदा वर्षांच्या मुलाला ५० सीसीची गाडी चालवता येते, वेग ताशी ४५ ला बांधलेला. त्या वयाच्या पोराला मोठी गाडी कायद्याने मिळतच नाही, म्हणून तो आहे तिच्याच पोटात हात घालतो. आमची पुतणी चोवीस वर्षांची आहे, तिच्याकडे पक्कं लायसन्स आहे, आणि तिला शोरूममध्ये जायला कोणी अडवलेलं नाही.

बदल करूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. माझा एक मित्र लहानपणीच्या पोलिओमुळे एका पायाने अधू आहे. त्याच्या स्कूटरला मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं बसवलेली आहेत, सगळी वापरातली हत्यारं हाताशी आहेत, आणि ती गाडी आरटीओच्या नोंदीत तशीच चढलेली आहे. कायद्यानेच त्याला जागा ठेवली आहे. ती गाडी घेऊन तो गेली अठरा वर्षं स्वतःच्या दुकानात जातो. त्याच्या गाडीकडे बघून कोणी 'मॉडिफाय केलीय' असं म्हणतसुद्धा नाही, इतकी ती त्याला शोभते. तिचा वेग त्या चाकांनी कमीच केलाय.

आता दुसऱ्या पारड्यात बघू, कारण मोठी गाडी म्हणजे सगळं छानच असं सांगायला मी काही शोरूमचा माणूस नाही. माझा कौल यामाहाच्या एरॉक्सला होता. १५५ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, पंधरा हॉर्सपॉवरच्या घरात ताकद, चौदा इंची चाकं, पुढे २३० मिलिमीटरची डिस्क आणि एबीएस. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, आणि १२५ पर्यंतच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरते. म्हणजे मोठ्या इंजिनाबरोबर मोठा ब्रेकही यावा, हे सरकारलाही कळलेलं आहे. बारामतीत बनणारी एप्रिलियाही मी सुचवली, २०१६ पासून ती चौदा इंची चाकांवर फिरते आहे.

पुतणीने एरॉक्स चालवून पाहिली. आल्यावर म्हणाली, "गाडी भारी आहे. पण पाय ठेवायची जागा कुठाय?" आहे ना गोची! या गाडीला सपाट फळी नाही. मध्ये उंचवटा आहे, त्यात पेट्रोलची टाकी. लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवता येत नाही. गव्हाचं पीठ दळून आणता येत नाही. गॅसचा सिलिंडर तर विसराच. मराठी मध्यमवर्गाचा अर्धा संसार स्कूटरच्या फळीवर उभा आहे, हे त्या डिझाइन करणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. वजन १२६ किलो, सोसायटीच्या चढाच्या पार्किंगमध्ये ती मागे ओढताना तिची दमछाक झाली. आणि विमा. थर्ड पार्टी विम्याचे जे दर जून २०२२ पासून लागू झाले, त्यांत ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये आणि १५० च्या वर गेलात की १३६६. पाच सीसीपायी जवळपास दुप्पट.

पेट्रोलचा हिशेब मी तिच्याकडूनच करून घेतला. रोजचे चव्वेचाळीस किलोमीटर, महिन्याला चोवीस दिवस, म्हणजे हजारावर थोडे. जुनी ॲक्टिव्हा अठ्ठेचाळीस देते, तर बावीस लिटर. किट टाकलेल्या माझ्या सहकाऱ्याला पस्तीस मिळायचं, तर तीस लिटर. आठ लिटरचा फरक, लिटर शंभराच्या वर. वर्षाचे दहा हजार होतात. म्हणजे पंचवीस हजारांचं किट अडीच वर्षांत स्वतःच्याच किमतीएवढं पेट्रोल जादा पितं, आणि इंजिन उघडावं लागलं तर ते वेगळंच. एरॉक्सही काही कमी पीत नाही, चाळीसच्या आसपास देते असं चालवणारे सांगतात. पण ती प्यायलेल्याचं काम तरी करून दाखवते.

मग मधला मार्ग निघाला, तो मला सुचलेला नाही, पुतणीलाच सुचला. १२५ ची टीव्हीएस एनटॉर्क. ताकद कागदावर फार नाही, साडेनऊच्या आत. किटवाल्या मुलाने नाक मुरडलंच: "यापेक्षा आपली ॲक्टिव्हा पळेल." पळेलही. पण हिला पुढे २२० मिलिमीटरची डिस्क आहे, दोन्ही चाकं बारा इंची, फळी सपाट, आणि सत्तरला ती कण्हत नाही. पुतणीला हवा होता तेवढा दम तिच्यात आहे. बाकीचे आकडे चहाच्या टपरीवर सांगायचे, आणि पुतणी टपरीवर जात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्याचाही हातभार लागला. दसऱ्याला गाडी घरी आली, हप्ता तिच्याच पगारातून.

मला अजूनही वाटतं की बायपासवर रोज जाणाऱ्याने एबीएसवाली घ्यावी, आणि हे मी तिला महिन्यातून एकदा ऐकवतो. ती म्हणते, "काका, पीठ कोण आणणार मग?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

राहता राहिली जुनी ॲक्टिव्हा. ती विकायची नाही यावर घरात एकमत होतं, फारच दुर्मीळ गोष्ट. उघडून बघितल्यावर तिचं कण्हणं कशामुळे होतं तेही कळलं. बेल्ट ताणून बारीक झालेला, रोलर एका बाजूने चपटे, क्लचचे लायनर संपलेले. तेरा वर्षांची गाडी, तिने कण्हू नये तर काय करावं? सगळं मूळ मापाचं टाकलं, दोन्ही टायर नवे, ब्रेक शू नवे. अकरा हजारांच्या आत काम झालं, आणि गाडी आता साठला शहाण्यासारखी चालते. वहिनी तिच्यावरून मंडईत जातात.

काम त्याच गॅरेजवाल्या मुलाकडे दिलं होतं, हात चांगला आहे त्याचा. गाडी न्यायला वहिनी गेल्या तर त्याने त्यांनाही विचारलंच, "काकू, किट टाकून बघू का? उडेल गाडी."

वहिनी म्हणाल्या, "अरे, आधी तो हॉर्न नीट कर."